म्हणे न लिहिलेला मेसेज

कप मी तिच्या तोंडातून अक्षरशः ओढला. दोन नवे दात कपाच्या कडेला घट्ट लावलेले, खट् आवाज आला, आणि पाणी तिच्या लाळेऱ्यावर, माझ्या पायावर, सगळ्या फरशीवर. नऊ महिन्यांची माझी लेक आधी नुसती बघतच राहिली आणि मग तिनं जे भोकाड पसरलं. मी तिला काखोटीला मारलं, नळ बंद केला, परत एकदा बंद केला, जसा काही तो आपोआपच सुटणार होता, किटलीतलं पाणी ओतलं, डाळ भिजत घातली होती तीही पाण्यासकट ओतली, आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं आमच्या इथल्या, ब्राबंट या डच प्रांतातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, "अर्जंट. आपल्या भागातल्या नळाच्या पाण्यात काहीतरी मिसळलंय. लहान मुलांना अजिबात देऊ नका. मला आत्ता फोन आला. कन्फर्म आहे."

पाठवला. आणि मग मला रडू फुटलं.

नवऱ्याला तीन फोन केले. तो चिप बनवायच्या मशीनवर काम करतो, पांढरा अंगभर सूट घालून आत जातात, फोन बाहेर लॉकरमध्ये. लागणारच नव्हता, मला माहीत होतं, तरी केले. इथल्या तातडीच्या नंबराला, एकशे बाराला, करावा का, पण तिथे इंग्रजीत काय सांगू? माझं इंग्रजी असं आहे की लिहिलेलं कळतं, बोललेलं तीन शब्दांतला एक. संगमनेरला एफवायबीएला असताना लग्न ठरलं, परीक्षा राहिली ती राहिलीच.

वर माळ्यावरच्या खोलीत माझी नणंद होती. तिचं दार बंद. आज दार वाजवायचं नाही, असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं, कारण आज तिचा मोठा दिवस होता. आणि मी मूर्ख, पाणी, लेकरू, फोन एवढंच डोक्यात, हा मोठा दिवस आणि तो फोन यांचा काही संबंध असेल हे मला सुचलंच नाही.

नणंद टिलबर्गच्या युनिव्हर्सिटीत शिकायची. तिथे सहा जणांत एक स्वयंपाकघर, दोन पोरं कोरोना पॉझिटिव्ह आली, हिची टेस्ट निगेटिव्ह आल्याबरोबर नवरा गाडी घेऊन गेला आणि तिला आमच्याकडे, बेस्ट नावाच्या गावी, घेऊन आला. चार दिवसांसाठी. चार महिने झाले. ती माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान, पण आमच्याकडे नणंदेला लहान असली तरी ताई म्हणतात, म्हणून मी ताई म्हणायचे आणि ती म्हणायची, "वहिनी, ताई म्हणालीस की मला पांढरा केस आल्यासारखं वाटतं."

तिचा मुख्य विषय कायदा आणि कारभार असा काहीतरी. पण त्या वर्षी तिनं त्याच्या जोडीला अर्ध्या वर्षाचा एक धाकटा विषय घेतला होता. देशाच्या सुरक्षेसाठी जी गुप्त माहिती गोळा करतात, ती कशी पारखायची, याचा. इंग्रजीत त्याला इंटेलिजन्स म्हणतात आणि धाकट्या विषयाला मायनर. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारलं, "आता कसलं शिकतेय ही?"

"आई, इंटेलिजन्समध्ये मायनर."

"मायनर म्हणजे लहान ना? म्हणजे बुद्धी लहान?"

"हो. तुझ्यावर गेले."

"माझ्यावर गेली असतीस तर निदान भाकरी आली असती."

मी हळूच विचारलं, "ताई, म्हणजे तुम्ही हेर होणार?"

"नाही ग. हेर बाहेर फिरतात. आम्ही खुर्चीत बसून वाचतो आणि कोण किती खरं बोलतंय ते ठरवतो."

"ते तर तुमच्या आई रोजच करतात."

ती इतकी हसली की लॅपटॉपवर चहा सांडता सांडता राहिला.

लेक्चरं आमच्या जेवायच्या टेबलावर चालायची. कॅमेऱ्यात तिच्या मागे भिंत दिसायची आणि त्या भिंतीच्या अलीकडे, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, मी मेथी निवडत बसलेली असायचे. पहिल्यांदा नुसती बसायचे, मग स्क्रीनच्या तळाशी बोललेलं लिहून यायचं ते वाचत कान द्यायला लागले, मग कळेना तिथे नणंदेला नंतर विचारायला लागले. शिकवणारी बाई साठीच्या पुढची, बारीक कापलेले पांढरे केस, आयुष्यभर याच कामात होती, पण कुठे होती, काय करायची, ते कधी बोलली नाही. तिचा आवाज कधी चढायचा नाही. कोणी काही सांगितलं की ती तीनच प्रश्न विचारायची. तुला काय माहीत आहे? कशावरून? आणि किती खात्री, शंभरात किती?

मी आजवर कोणाला असं बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरात ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. शाळेत मास्तर म्हणतील ते. आणि इथे एक बाई वीस-बावीस वर्षांच्या पोरांना सांगत होती की तुमचं उत्तर चुकलं तरी चालेल, पण खात्री नसताना खात्री दाखवलीत तर चालणार नाही. मेथीची काडी हातातच राहायची माझ्या.

एकदा तिनं एक फोटो दाखवला, कुठल्यातरी घरामागचं कपडे वाळत घातलेलं अंगण. यातून काय कळतं, सांगा. पोरं सांगायला लागली, सावली अशी पडली म्हणजे दुपार, भिंत अशी म्हणजे अमुक देश. मी मागून पुटपुटले, "बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे, आणि घरात अजून एक मोठी बाई राहायला आलीय." नणंदेनं माइक बंद केला. "कशावरून?" "लंगोट बघा ना केवढेसे आहेत ते, दुपट्याच्या घड्या पण. आणि बाळंतिणीचे गाऊन दोन, बाकी बायकी कपडे वेगळ्याच मापाचे. आई आली असणार तिची." नणंदेनं ते सांगितलं. दुपट्याला तिनं काय शब्द वापरला देव जाणे. बाईनं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, हे माझ्या पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी मेथी दोनदा धुतली.

आणि मग तो शब्दांचा दिवस. तुमच्या भाषेत ऐकीव गोष्ट सांगताना ती ऐकीव आहे हे कसं कळतं, असं बाईनं एकेकाला विचारलं. नणंदेनं परत माइक बंद केला. "वहिनी, आपल्याकडे काय ग?"

"म्हणे," मी म्हटलं.

"म्हणे काय?"

"अहो तेच. म्हणे. 'त्यांच्या सुनेला दिवस गेलेत म्हणे.' म्हणजे मी काही बघितलं नाही, कोणीतरी सांगितलं, खोटं निघालं तर माझ्या माथी नको."

नणंद माझ्याकडे असं बघायला लागली की मला वाटलं काही चुकलं. मग तिनं ते वर्गात सांगितलं. बाईनं तो शब्द कागदावर लिहून घेतला, दोनदा म्हणून बघितला, "म्-हने, म्-हने," आणि म्हणाली की वाक्याच्या शेवटचा हा एवढासा शब्द, माहिती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिला हाच गळून पडतो, आणि तो गळून पडला की माणसं मरतात. अगदी साध्या आवाजात, जसं कोणी सांगावं की उद्या पाऊस आहे. माझ्या आजीपासून चालत आलेला शब्द, आणि तो इथे, युनिव्हर्सिटीत, असल्या मोठ्या कामाचा.

आणि मीच, बरं का, तीच मी, दोन महिन्यांनी लिहिते, कन्फर्म आहे.

ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले होते.

"अग बाई! कोणाचा फोन?"

"माझ्या मिस्टरांनी आत्ताच अंघोळ केली. आता ग?"

"मिस्टरांना उकळून घे."

"उकळलं तर चालेल का पण?"

"तुझं स्वतःचं आहे का फॉरवर्ड?"

हे विचारणारी आमच्या ग्रुपमधली सगळ्यात तिखट बाई, आइंडहोवनला पंधरा वर्षं राहिलेली, सगळ्यांच्या मोदकांच्या कळ्या मोजणारी. मी लिहिलं, माझं स्वतःचं. आणि मग माझाच मेसेज मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, ग्रोनिंगनहून, एका मैत्रिणीकडून परत आला. वर एक ओळ वाढली होती, "सरकारने सांगितले आहे." अर्धा तास पण झाला नव्हता. आणि मग टिलबर्गची एक मुलगी, जिला मी एकदाच भेटले होते, सातवा महिना, तिनं लिहिलं, "मी सकाळपासून तीन ग्लास प्यायले आहे. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. मिस्टर घरी नाहीत. प्लीज कोणीतरी सांगा काय करू."

ते वाचलं आणि मी लेकीला घेऊन जिना चढले. दार वाजवायचं नाही म्हणून सांगितलेलं दार दोन्ही मुठींनी वाजवलं.

आतून झोपेतला आवाज. आदल्या दिवशी तिनं लशीचा बूस्टर घेतला होता, रात्रीपासून ताप, गोळी घेऊन लॅपटॉपसमोरच तिचा डोळा लागला होता. "वहिनी, आत येऊ नकोस हं, खोलीत कोणी नको असा नियम आहे."

"ताई, पाण्यात काहीतरी मिसळलंय."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "तुला कोणी सांगितलं?"

"फोन आला."

"कोणाच्या फोनवर?"

"माझ्या."

"अरे देवा," ती म्हणाली. "माझा सायलेंटवर राहिला. दुसरा नंबर तुझा दिला होता मी. सांगायचं राहिलं. वहिनी, ते खोटं आहे! आमच्या वर्गाचा सराव आहे आज, खोट्या बातम्या फोनवर येतात आणि आम्ही त्या पारखायच्या. त्यांनी सुरुवातीला म्हटलं असणार ना तीनदा? एक्सरसाइज, एक्सरसाइज, एक्सरसाइज?"

म्हटलं होतं. अगदी तीनदा म्हटलं होतं. बाळंतपणानंतर माझी कंबर धरली होती, डॉक्टरांनी फिजिओकडे पाठवलं, आणि ती फिजिओवाली लॉकडाऊनमध्ये फोनवरच विचारायची, एक्सरसाइज करतेस का. म्हणून मी त्या माणसाला म्हटलं होतं, "येस येस, डुइंग, डुइंग. मॉर्निंग टेन टाइम्स. बॅक स्ट्रेट." तो जरा थांबला, थँक यू म्हणाला आणि कागदावरचं वाचावं तसं सपाट वाचायला लागला. ब्राबंट. ड्रिंकिंग वॉटर. चिल्ड्रन. वन अवर. कन्फर्म्ड. बाकीचं काही कळलं नाही, पण कन्फर्म कोणाला कळत नाही? रेल्वेचं तिकीट काढलेल्या माणसाला जन्मभर कळतं.

"अनकन्फर्म्ड म्हणाला असेल तो," दारामागून नणंद म्हणाली. "इथे मेलवर आलेल्या माझ्या कागदावर तसंच आहे." मग हळूच, "वहिनी, तू कोणाला सांगितलंस का?"

मी सांगितलं, ग्रुपवर, आणि तो ग्रोनिंगनहून फिरून मला परतही आला.

"म्हणे तरी लिहिलंस का?"

"नाही."

"बहुतेक? ऐकलंय? काहीतरी?"

"नाही हो."

"मग काय लिहिलंस?"

"कन्फर्म."

दारावर काहीतरी हलकेच आपटलं. मला वाटलं रडतेय. मग कळलं दाराला कपाळ टेकून बसलीय, कारण आवाज खालून आला. तिनं मला सांगितलं, आणि ओरडून नाही सांगितलं, हे मी अजून विसरले नाही, की सरावातलं काहीही बाहेर जाता कामा नये अशी सगळ्यांनी सही केलीय. बाहेर गेलं तर त्या पोराचा सराव तिथेच संपला, मायनर संपला. आणि हिचा आधीच एक विषय राहिलेला. हे अर्धं वर्ष गेलं तर युनिव्हर्सिटी कळवणार, आणि इथे राहायचा कागदच धोक्यात. पुढचं तिनं सांगितलं नाही, पण घरी परत गेली तर सासूबाईंनी स्थळं काढून ठेवली होती हे दोघींनाही माहीत होतं.

"डिलीट करते मी. मराठीत आहे, कोणाला कळतंय तुमच्या वर्गात?"

"आता डिलीट करून काय होणार? ग्रोनिंगनला पोचलाय ना?"

मग मी तिला त्या सातव्या महिन्यातल्या मुलीचा मेसेज वाचून दाखवला.

नणंद म्हणाली, "सांग तिला. सराव होता म्हणून सांगून टाक ग्रुपवर. आत्ता."

"अहो, पण मग तुमचं..."

"वहिनी, ती बाई तिकडे घाबरून बसलीय. सांग."

एका क्षणात. वीस-बावीस वर्षांची पोर, अंगात ताप, आणि जे मिळवायला ती चार महिने माझ्या टेबलावर डोळे लाल करून बसली होती, ते तिनं एका अनोळखी बाईच्या भीतीपुढे सोडून दिलं. मी त्या बंद दाराकडे देवळाच्या दाराकडे बघावं तशी बघत होते. शिकून माणूस असं होत असेल तर मी का नाही शिकले, असं पहिल्यांदा आत खोल काहीतरी दुखलं.

"थांबा," मी म्हटलं. "सरावाचं नाव न घेता मला एकदा करून बघू द्या."

खाली आले. ग्रुपवर लिहिलं, "माझी चूक झाली. मी फोनवर नीट ऐकलं नाही. पाणी चांगलं आहे."

लगेच उत्तर. "कशावरून?"

तोच प्रश्न, अगदी त्या बाईचाच. आणि उत्तर माझ्याकडे होतं, पण देता येत नव्हतं.

मग मी फोन किटलीला टेकवून उभा केला, व्हिडिओ सुरू केला, नळ सोडला, ग्लास भरला आणि गटागटा प्यायले. पाठवला. टिलबर्गच्या मुलीनं हात जोडलेले पाठवले. दोघीतिघींनी हुश्श लिहिलं. आणि मग आइंडहोवनवाली.

"तू प्यायलीस ग. पण मेसेजमध्ये तर लहान मुलांना देऊ नका असं होतं ना? लेकीला देशील का?"

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. नणंद पास झाली. त्याच दिवशी तिनं स्वतः बाईंना सगळं लिहून कळवलं, मी नको म्हणत असताना. तिचे मार्क कापले, तिच्या गटातल्या एकानं शेवटपर्यंत तिच्याशी धड बोलणं ठेवलं नाही, पण काठावर का होईना, पास झाली. बाईनं मला कॅमेऱ्यासमोर बोलावलं. लेक मांडीवर. तिनं एकच विचारलं, तीनदा एक्सरसाइज ऐकल्यावर तुला काय वाटलं? मी लेकीला खाली ठेवलं, उभी राहिले आणि कमरेवर हात ठेवून तो व्यायाम करून दाखवला. बाई आधी हसली नाही. मग चष्मा काढून डोळे पुसायला लागली. पुढच्या वर्षीपासून म्हणे फोनवाला आधी विचारतो, कोण बोलतंय. हे म्हणे मी मुद्दाम लिहिलंय, मला नणंदेनं सांगितलं, मी बघितलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा मी होते, नळ होता, आणि "लेकीला देशील का?" हे स्क्रीनवर.

मी कप भरला. मला माहीत होतं पाणी चांगलं आहे. मग मनात तीच बाई बोलायला लागली. कशावरून? नणंदेनं सांगितलं. तू बघितलंस का तिचा कागद? नाही, दार बंद होतं. तिच्या अंगात ताप होता ना? होता. दुसरं कोणी सांगितलं का? नाही. शंभरात किती?

समोरच्या घराला पडदे नाहीत, इथे कोणाच्याच घराला नसतात. तिथली आजी सिंकपाशी उभी राहून ट्युलिपच्या भांड्यात पाणी भरत होती, मग त्याच नळाखाली तिनं पेला धरला आणि प्यायली. मला हायसं वाटलं, आणि लगेच कळलं की याचा अर्थ एवढाच, तिला कोणाचा फोन आलेला नाही.

मी स्वतः प्यायले होते त्याला दहा मिनिटं झाली होती. मला काही झालं नव्हतं. पण मी नऊ महिन्यांची नव्हते.

वर बंद दारामागे एकीचं सगळं वर्ष. टिलबर्गला एकीच्या पोटात सात महिने. माझ्या कडेवर ही, ओला लाळेरा, मघाच्या रडण्यानं अजून हुंदके देणारी, आणि कप बघून दोन्ही हात पुढे करणारी, कारण तिला खरंच तहान लागली होती आणि मघाशी मीच तो तोंडातून ओढला होता.

व्हिडिओ चालू केला. कप तिच्या ओठांना लावला. दोन दात कडेला टेकले, ती प्यायली, आणि मी तो व्हिडिओ ग्रुपवर पाठवला.

तुमच्या कडेवर तुमचं लेकरू असतं, आणि हातात फक्त एका बंद दारामागून आलेला शब्द, तर खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?